आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय : वॉरंट हेगचे, अटक राष्ट्रांच्या हाती

नेदरलँड्समधील हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला स्वतःचे पोलीस दल नाही. आरोपी हजर नसताना खटला चालवण्याची मुभाही नाही. त्यामुळे न्यायालयाने वॉरंट काढले, तरी आरोपीला पकडून देण्याचे काम राष्ट्रांनीच करावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग आणि टोकियो येथे पराभूत राष्ट्रांच्या नेत्यांवर खटले चालले. हा जेत्यांचा न्याय असल्याची टीका तेव्हाही झाली. टोकियो न्यायाधिकरणातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी तर सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे भिन्नमत नोंदवले. सर्वांना सारखाच लागू होणारा कायदा आणि कायमस्वरूपी न्यायालय असावे, हा विचार प्रत्यक्षात येण्यास मात्र अर्धशतक लागले. 17 जुलै 1998 रोजी रोम येथे न्यायालयाची संविधी 120 विरुद्ध 7 मतांनी संमत झाली. 21 राष्ट्रे तटस्थ राहिली; भारत त्यांपैकी एक. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांचा वापर युद्धगुन्ह्यांच्या यादीत नसणे, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. पहिला आक्षेप आजही बिनतोड वाटतो : स्वतः सदस्य नसलेली अमेरिका, रशिया आणि चीन ही राष्ट्रे इतरांची प्रकरणे न्यायालयाकडे पाठवू शकतात किंवा नकाराधिकाराने रोखू शकतात.

1 जुलै 2002 पासून संविधी अमलात आली. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण हे चार गुन्हे तिच्या कक्षेत येतात. संबंधित राष्ट्र स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल, तर हे न्यायालय हस्तक्षेप करत नाही. राष्ट्रप्रमुखपदाचे संरक्षण येथे चालत नाही.

सुदानचे तत्कालीन अध्यक्ष ओमर अल बशीर यांच्यावर दार्फुर प्रकरणी 2009 मध्ये वॉरंट निघाले. तरीही जून 2015 मध्ये ते आफ्रिकी संघाच्या परिषदेसाठी सदस्य राष्ट्र असलेल्या दक्षिण आफ्रिकेत गेले. त्यांना देश सोडू देऊ नये, असा आदेश प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने दिला होता. सुनावणी सुरू असतानाच त्यांचे विमान निघून गेले. सरकारचे वर्तन बेकायदेशीर असल्याचा निर्वाळा तेथील अपील न्यायालयाने 2016 मध्ये दिला, पण तोवर उशीर झाला होता. ऑक्टोबर 2015 मध्ये बशीर नवी दिल्लीतील भारत-आफ्रिका शिखर परिषदेलाही आले. भारत सदस्य नसल्याने त्यांना अटक करण्याचे बंधन भारतावर नव्हते.

याउलट फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांना मार्च 2025 मध्ये मनिला येथे अटक होऊन त्याच दिवशी हेगकडे रवाना करण्यात आले. फिलिपिन्स 2019 मध्येच संविधीतून बाहेर पडला होता. परंतु आरोप सदस्यत्वाच्या काळातील हत्यांविषयी होते आणि मनिलातील सत्ताही बदललेली होती.