गाउट : श्रीमंतांचा रोग?

१७९९ साली लंडनमध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराची दोन चित्रे निघाली. एकात सुजलेल्या पावलाला एक काळे भूत कडकडून चावते आहे. ते गाउटचे चित्र. दुसऱ्यात तिघेजण ‘पंच’ पीत बसलेत आणि मथळा असा की, पंचाने गाउट बरा होतो! पंच म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. पाच जिनसा, म्हणून आपल्याच ‘पंच’ शब्दावरून ते नाव पडले, असे सांगतात.

आता गंमत बघा. ज्या पेल्याने दुखणे वाढते, तोच पेला औषध! थट्टाच ती, पण गाउट हा खानदानी रोग, असा समज तेव्हा होताच. थॉमस सिडनहॅम हा स्वतः गाउटने गांजलेला डॉक्टर. हा रोग गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना जास्त मारतो, असे त्यानेही १६८३ मध्ये लिहून ठेवले. आपल्याकडेही चरकसंहितेत वातरक्ताचे एक नाव ‘आढ्यवात’ आहे. आढ्य म्हणजे धनवान.

पुढे १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरड यांनी गाउटच्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेले दाखवले. लंडनच्या रुग्णालयातले त्यांचे बरेच रोगी रंगारी आणि नळकाम करणारे होते. हातात सतत शिसे. शिशाने मूत्रपिंड बिघडते, युरिक ॲसिड साचते. डेव्हन परगण्यातल्या सायडरमध्येही शिसे उतरते, हे जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्येच सांगितले होते.

आणि दारूचे काय? तिने युरिक ॲसिड जास्त तयार होते आणि लघवीवाटे कमी बाहेर पडते. साखरेतले फ्रुक्टोज त्यात भर घालते. म्हणजे गोड पंच काय, आजचे कॉकटेल काय, मार दुहेरी. बिअर तर त्याहून वाईट, कारण तिच्यात प्युरिनही असते.

मला यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न दिसतो. रोगाला प्रतिष्ठा दिली की पिणारा पेला खाली ठेवत नाही आणि रंगाऱ्याच्या दुखण्याकडे कुणी बघत नाही. आज उलटे झाले आहे. गाउट म्हटले की लोक विचारतात, “बरीच घेता वाटतं?” थेंबही न घेणाऱ्याला हा रोग आनुवंशिकतेने होतो, मूत्रपिंडाच्या विकाराने होतो, काही औषधांनीही होतो. तो बिचारा लाजेने दुखणे लपवतो. तेव्हा मिरवणे, आता लपवणे. दोन्हींत आपण कारण शोधण्याआधी माणसाचा निवाडा करून मोकळे होतो.