महीनचे घोडे

कलकत्त्यास बदलून आलेल्या मराठी माणसास बंगाली संगीत म्हटले की प्रथम रवींद्रसंगीत आठवते. फार तर बाउलांचा एकतारा. परंतु ह्याच नगरीत १९७५ साली सात तरुणांनी गिटार, व्हायोलिन आणि ड्रम घेऊन बंगाली गीताची एक निराळीच वाट चोखाळली. मंडळीचे नाव ‘महीनेर घोडागुली’, म्हणजे ‘महीनचे घोडे’. ते त्यांनी जीवनानंद दासांच्या ‘घोडा’ ह्या कवितेतून उचलले होते.

मंडळीचा आत्मा म्हणजे गौतम चट्टोपाध्याय. हा प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी नक्षलवादी चळवळीत ओढला गेला व त्याने तुरुंगवासही भोगला. पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांतून पाश्चात्त्य संगीत ऐकू येत होते, पण ते इंग्रजीत. आणि लोकप्रिय बंगाली गीते प्रेमविरहातच रमली होती. बेकारी, गर्दी आणि भग्न स्वप्ने ह्यांनी ग्रासलेले शहर दोहोंतही नव्हते. गौतमने बाउलांचे सूर व पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणून ते शहर गाण्यात आणले. १९७७ साली निघालेल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकात अस्वस्थ पक्षिकुल आणि कलकत्ता एकत्र नांदतात. १९७८ व १९७९ साली आणखी दोन मुद्रिका निघाल्या.

श्रोते मात्र गोंधळले. हे बंगाली गाणे कसे, असा त्यांना प्रश्न पडला. मान्यता नाही, मग प्राप्ती कोठून? १९८१ साली मंडळी विसर्जित झाली. आपल्याकडे किर्लोस्कर मंडळीतून १९१३ साली गंधर्व मंडळी फुटून निघाली, तेव्हा एका घराची दोन घरे झाली. येथे घरच उरले नाही. उपजीविकेच्या शोधात कोणी बंगलोर गाठले, तर कोणी अमेरिका. गौतम चित्रपटाकडे वळला.

इतिहास येथेच संपावयाचा. पण १९९५ साली कलकत्त्याच्या पुस्तकमेळ्यात गौतमने ‘आबार बछर कुडि परे’ हा गीतसंग्रह प्रसिद्ध केला. त्यात जुनी गाणी तर होतीच. शिवाय त्याने नव्या पिढीच्या गायकांना आपल्याबरोबर उभे केले होते. ज्या शहराने पूर्वी कान झाकले, त्याच शहरातील तरुण आता ही गाणी तोंडपाठ म्हणू लागले, आणि बंगाली बँडांना आपला पूर्वज सापडला. १९९९ साली गौतम निवर्तला. २००६ साली ‘गँगस्टर’ ह्या हिंदी चित्रपटातील ‘भीगी भीगी’ हे गीत देशभर गाजले. त्याची चाल ह्याच संग्रहातील ‘पृथिवीटा नाकि’ ह्या गीताची होती, हे ते गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

मंडळी सहा वर्षे टिकली, एवढ्यावरून तिला अपयशी ठरवावे काय? एका बदलीच्या हुकुमाने मित्रांचा मेळा पांगतो, हे आपण नोकरदार जाणतो. पांगण्यापूर्वी त्या मेळ्याने काय करून ठेवले, ह्यावरच त्याचा हिशेब मांडला पाहिजे. महीनचे घोडे चौखूर उधळून गेले खरे; पण त्यांनी पाडलेल्या वाटेवरून कलकत्त्याचे तरुण आजही चालत आहेत.