भुंगे, अपूर्णांक आणि पाटणचा मठ

१/ अपूर्णांक असलेले समीकरण समोर आले की आपण छेदांचा लसावि काढतो, त्याने दोन्ही बाजूंना गुणतो आणि मग ‘क्ष’ शोधतो. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘लीलावती’त अशी उदाहरणे ‘क्ष’विनाच सुटतात. कशी, ते पाहू.

२/ उदाहरण प्रसिद्ध आहे. भुंग्यांच्या थव्यातील पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोहोंतील फरकाच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले. एक भुंगा मात्र केतकी आणि मालतीच्या गंधाने भुलून हवेतच घुटमळत राहिला. तर एकूण भुंगे किती?

३/ भास्कराचार्यांची रीत ‘इष्टकर्म’. उत्तर म्हणून सोयीची कोणतीही संख्या धरायची. ३० धरू, कारण तिला ५ आणि ३ या दोहोंनी भाग जातो. कदंबावर ६, शिलींध्रावर १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. एकूण गेले २८, उरले २.

४/ उरायला हवा होता १. म्हणून ३० ला १ ने गुणून २ ने भागायचे. उत्तर १५. पडताळा: ३ + ५ + ६ + १ = १५.

५/ धरलेली संख्या चुकीची असली तरी प्रमाण बरोबर असते. रीतीचे मर्म एवढेच. प्राचीन इजिप्तच्या अहमोस या लेखनिकाच्या पपायरसातही हीच युक्ती दिसते. अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणून समीकरण मांडण्याची रीत भास्कराचार्य ‘बीजगणित’ या ग्रंथात शिकवतात.

६/ पण ग्रंथ लिहिला म्हणून विद्या टिकत नाही. चाळीसगावजवळील पाटणच्या शिलालेखातून (शके ११२८, इ. स. १२०७) कळते, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ सामंतांनी त्याला दान दिले.

७/ लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला, असे त्यात नोंदले आहे.

८/ म्हणजे अपूर्णांक शिकवणाऱ्या मठाचा खर्च बाजारातल्या हिश्शांतून भागत होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांसमोर आणला. गणिताच्या इतिहासात सूत्रकाराचे नाव आपण लक्षात ठेवतो. त्या सूत्राचे अध्यापन चालू राहावे म्हणून ज्यांच्या खरेदीतून पैसा आला, त्या पाटणच्या गिऱ्हाइकांनाही त्यात जागा असायला हवी.