इंजिन फिरवणारे हात

यवतमाळच्या शकुंतला रेल्वेचा विषय निघाला की पहिला वाद मालकीचा होतो. गाडी इंग्रज कंपनीची की आपली? या वादात एक साधी वस्तू नजरेआड राहते, ती म्हणजे इंजिन वळवण्याचे टर्नटेबल.

मूर्तिजापूरहून निघणारी ही ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन कारंजा, दारव्हा करीत ११३ किलोमीटरवर यवतमाळला संपत असे. परत निघायचे तर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे. वाफेच्या इंजिनाचे तोंड पुढे असले की चालकाला वाट नीट दिसते. त्यासाठी टर्नटेबल लागते. गोल खड्ड्याच्या मधोमध खुंटावर बसवलेला पूल, त्यावर रूळ, कडेला दांडे. इंजिन बरोबर तोलून उभे केले तर चार-सहा माणसे ते ढकलून फिरवतात. हातभर पुढेमागे झाले तर ते जागचे हलत नाही.

ही लाइन इथे का आली? १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला आणि १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या पट्ट्यावर मिळवला. पुढच्या काही वर्षांतच मुंबईच्या किलिक-निक्सन कंपनीने इथे रूळ टाकले. ७६ किलोमीटरचा दुसरा फाटा अचलपूरला, इमादशाहीच्या जुन्या राजधानीला, गेला. पण तो राजधानीचा मान नव्हता. साहेबाची नजर कापसावर होती. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढत आणि मुंबई बंदराकडे जात. १९२३ पासून त्या ओढणारे इंजिनही १९२१ साली कापडगिरण्यांच्या मँचेस्टरमध्येच घडलेले!

१५ एप्रिल १९९४ रोजी वाफेच्या जागी डिझेल आले. कोळसा टाकणाऱ्यांचे, राख काढणाऱ्यांचे काम संपले. पुढे गाडीही थांबली.

कंपनीचे नाव आणि इंजिनाचे साल नोंदलेले आहे. दांडा ढकलणाऱ्या खलाशाचे नाव कुठे आहे? आपण वऱ्हाडचा इतिहास लिहितो तेव्हा इमादशहा सापडतो, निजाम सापडतो, गोरा साहेबही सापडतो. खलाशी मात्र सापडत नाही, कारण त्याला कुणी विचारलेच नाही. १९९४ साली पंचविशीत असलेला खलाशी आज साठीच्या घरात आहे. यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूरच्या मोहल्ल्यांत आणि वस्त्यांत अशी माणसे अजून भेटतील. लोखंड भंगारात गेले तरी त्याचे चित्र राहील. या माणसांच्या आठवणी गेल्या तर मागे काहीच उरणार नाही. त्यांच्याजवळ आताच बसायला हवे.