जायरोमिट्रा एस्क्युलेंटा

जायरोमिट्रा एस्क्युलेंटा ही पेझिझेलिस गणातील एक विषारी अळिंबी आहे. युरोप व उत्तर अमेरिकेतील सूचिपर्णी वनांत, विशेषतः पाइन वृक्षांखालील वाळूमिश्रित जमिनीवर, ती वसंत ऋतूत उगवते. ख्रिस्तियान हेंड्रिक पर्सून यांनी १८०० साली तिचे वर्णन केले. 'एस्क्युलेंटा' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'खाण्याजोगी' असा असला, तरी कच्ची अळिंबी प्राणघातक ठरू शकते.

वर्णन

टोपी तांबूस तपकिरी असून तिच्यावर मेंदूसारख्या वळ्या असतात. अळिंबीची उंची सुमारे १० सेंमी. पर्यंत असते. खाद्य गुच्छीशी तिची गल्लत होते. हिमालयातही आढळणाऱ्या गुच्छीच्या टोपीवर मात्र मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात व ती आतून सलग पोकळ असते.

विषबाधा

हिच्यातील जायरोमिट्रिन हे विष १९६८ मध्ये वेगळे करण्यात आले. शरीरात त्यापासून मोनोमिथिलहायड्राझिन तयार होते. हेच संयुग अग्निबाणांचे इंधन म्हणूनही वापरतात. ते ब-६ जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणते. सेवनानंतर साधारणतः ६ ते १२ तासांनी उलट्या, जुलाब व चक्कर ही लक्षणे दिसतात. तीव्र विषबाधेत कावीळ, झटके व बेशुद्धी येते. झटक्यांवर पिरिडॉक्सिन देतात.

आहारातील वापर

फिनलंडमध्ये ही अळिंबी आवडीने खाल्ली जाते व तिच्या विक्रीसोबत इशारापत्रक द्यावे लागते. भरपूर पाण्यात दोनदा उकळून दोन्ही वेळचे पाणी टाकून देतात. उकळताना निघणारी वाफही विषारी असते. या प्रक्रियेने विष कमी होते, परंतु पूर्णतः नाहीसे होत नाही.