फाइफचा तलाव

* फाइफचा तलाव : खडकवासल्याचे धरण. मुठा नदीवरचे हे दगडी धरण कॅप्टन फाइफ या लष्करी अभियंत्याच्या आराखड्यावरून 1870 च्या दशकात बांधले गेले. जुन्या नकाशांत जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हटले असले तरी पुणेकरांच्या तोंडी ते नाव फारसे रुळले नाही. पुढे विश्वेश्वरय्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे प्रथम इथेच बसले, 1903 साली. पाणी ठरावीक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि उतरले की मिटत.

लेखक पुढे ‘पानशेत फुटले’ एवढेच लिहितो. पुण्यात तेवढे पुरते. पण 12 जुलै 1961 रोजी फुटली ती दोन धरणे. वर आंबी नदीवरचे, काम अपुरे असलेले पानशेतचे मातीचे धरण आधी गेले. तो लोंढा खडकवासल्याच्या माथ्यावरून वाहू लागला. ऐंशी वर्षांहून जुनी ती भिंत काही तास तगली, मग तिलाही भगदाड पडले. नदीकाठच्या पेठांत पाणी माळ्यांपर्यंत चढले आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहराचे नळ कोरडे पडले, कारण तलावच उरला नव्हता. आडांचे जुने रहाट तेव्हा पुन्हा कुरकुरले.

धरण नंतर पुन्हा बांधले गेले. आज त्याचा उपयुक्त साठा जेमतेम 1.97 टीएमसी आहे. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचे पाणी मात्र याच तलावात उतरून पुढे पुण्याला जाते. — संपा.