रानपिंगळा : एका खोट्या चिठ्ठीचा इतिहास
ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेल्या रानपिंगळ्याची १८८४ नंतरची एकच नोंद प्रमाण मानली जात होती : गुजरातेतील मांडवी येथे १९१४ साली मिळवल्याचा दावा असलेला कर्नल मायनर्ट्झहागेन यांचा नमुना. पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी केलेल्या तपासणीत तो जेम्स डेव्हिडसन यांचा जुना नमुना असून त्याची चिठ्ठी बनावट असल्याचे निष्पन्न झाले. मांडवी वगळून अस्सल नमुन्यांच्या स्थळांवर शोध केंद्रित करण्यात आला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा आढळला.

सामायिक छायाचित्रसंग्रहांनाही हाच न्याय लागू होतो. ठळक ठिपक्यांच्या माथ्याचा नेहमीचा पिंगळा रानपिंगळा म्हणून नोंदला गेल्यास दुर्मीळ जातीचे क्षेत्रच चुकीचे ठरते. म्हणून नाव, स्थळ व दिनांक यांची दुरुस्ती हे संरक्षणाचेच कार्य होय.